कावळ्याचं पुढे काय झालं?

ठाण्याहून एका आजींचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा.

वय अडुसष्ट. मुलगा, सून आणि पाच वर्षांच्या नातवासोबत राहतात. मुलगा-सून दोघंही नोकरीवर, त्यामुळे रात्रीची गोष्ट हे आजींचं खातं. जूनमध्ये एका पावसाळी रात्री त्यांनी चिऊ-काऊची गोष्ट सांगितली, अगदी त्यांच्या माहेरी सांगायचे तशी. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, चिमणी कितीतरी वेळ दार उघडत नाही, शेवटी उघडते, "गारठलास रे, चुलीपाशी बस" म्हणते. कावळा तापल्या तव्यावर बसतो आणि भाजून मरतो. नातू आधी हसला. रात्री दोन वाजता मात्र रडत उठला आणि एकच विचारत राहिला, "कावळ्यानं काय केलं होतं?" दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, झोपतानाची गोष्ट गोडच संपायला हवी. असलं काही नका सांगू." आजींनी वाद घातला नाही. शेवट बदलला. आता चिमणी दार उघडते, दोघं गरमागरम भजी खातात आणि मित्र होतात. नातवानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ही खोटी आहे. खरी सांग."

आजी विचारतात, "पिढ्यान्‌पिढ्या मुलं याच गोष्टी ऐकून वाढली, कुणाला काही झालं नाही. आता गोष्टीसुद्धा साखरेत घोळवायच्या का? सुनेचं ऐकलं तर नातू ऐकत नाही. मी शेवट करू तरी कसा?"

चौथ्या पानावर, जाता जाता, आणखी दोन ओळी आहेत. "ह्यांना जाऊन सात महिने झाले. पिल्लूला आम्ही आजोबा गावाला गेलेत असंच सांगितलंय, तो फारसं विचारत नाही. रोज सकाळी गॅलरीत कावळ्याला पोळीचा तुकडा मात्र तोच ठेवतो हौसेनं, 'आजोबांचा घास' म्हणून."

*

प्रिय काकू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं होते. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या पानावर अडले. तिथे येतेच, पण आधी तुम्ही विचारलंय त्याबद्दल बोलू.

तुमचा नातू "खरी सांग" म्हणतो आणि तुम्हीही पत्रात तव्याच्या शेवटाला "खरी गोष्ट" म्हणता. पण खरी कुठली हो? आमच्याकडे ही गोष्ट आत्या सांगायची, देवासमोर वाती वळत. तिच्या गोष्टीत तवाच नव्हता. चिमणी दार उघडायची, कावळ्याला कोठीच्या खोलीत झोपायला जागा द्यायची आणि मध्यरात्री आतून आवाज यायचा, कुटुम कुटुम. "कावळेदादा, काय खातोस रे?" "काही नाही गं चिऊताई, सुपारीचं खांड." सकाळी बघावं तर चण्याचं मडकं रिकामं! इथे आत्या वातीचा कापूस बाजूला ठेवून माझ्या पोटाला गुदगुल्या करायची, म्हणजे चणे शोधायची. संपली गोष्ट. माझ्या सासरी चिमणी शेवटपर्यंत दार उघडतच नाही, कावळा आपला भिजत उडून जातो. आमच्या शेजारणीच्या गोष्टीत दुसऱ्या दिवशी कावळा काटक्या गोळा करायला शिकतो. एकाच गोष्टीचे चार शेवट तर माझ्याच ओळखीचे आहेत. ही गोष्ट कुणी एकानं लिहून ठेवलेली नाही, त्यामुळे तिचा अस्सल शेवट कुणाच्याच कपाटात नाही. तुमचा शेवट तुमच्या माहेरचा आहे, म्हणून तुम्हाला तो प्रिय आहे. हे कारण पुरेसं आहे, त्याला परंपरेचा टेकू लावायची गरज नाही.

आणि ते "कुणाला काही झालं नाही" हे वाक्य. मीही ते वापरते, बहुतेकदा वादात हरायला आले की. झालं नाही हे आपल्याला कसं कळणार? रात्री घाबरलेलं मूल तेव्हा कुणाला उठवून सांगायचं? सांगायची गरजच पडायची नाही, कारण डावीकडे बहीण, उजवीकडे चुलतभाऊ, पायाशी मांजर आणि हात लांब केला की आईच्या पातळाचा पदर. तुमचा नातू त्याच्या वेगळ्या खोलीत झोपतो, दार लोटलेलं असतं, कोपऱ्यात चंद्राचा दिवा असतो, असं तुम्हीच लिहिलंय. गोष्ट तीच आहे, पण ती संपल्यानंतरचा अंधार बदललाय.

शेवट बदलणं हे काही तुमच्या सुनेचं खूळ नाही. लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची गोष्ट तुमच्या नातवाच्या पुस्तकात असेलच. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं ती १६९७ साली छापली, तेव्हा लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो आणि तिथेच गोष्ट संपते. कुणी वाचवायला येत नाही. खाली फक्त एक छोटीशी ताकीद, की अनोळख्या माणसांशी बोलू नये. पुढे १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंच्या पुस्तकात शिकारी आला, त्यानं लांडग्याचं पोट कापलं आणि आजी व नात जिवंत बाहेर निघाल्या. आज आपण तोच शेवट 'जुना' म्हणून सांगतो. याच ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत जंगलात सोडून दिलेल्या भावंडांच्या गोष्टीत मुलांना टाकायचा हट्ट धरणारी बाई त्यांची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्त्यांत ती सावत्र झाली. सख्खी आई असं करते हे छापताना कुणाला तरी जड गेलं असणार. (सावत्र आयांची बदनामी झाली ती झाली, पण तो विषय वेगळा.)

आता सूनबाईंकडे वळते. त्या चुकल्या असं मला वाटत नाही, पण त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: गोड शेवट म्हणजे सुरक्षित शेवट. हे मात्र तपासून बघायला हवं.

मोठ्यांनासुद्धा हा मोह आवरत नाही. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये शेवटी म्हातारा राजा मेलेल्या धाकट्या मुलीला हातांवर घेऊन येतो. लोकांना ते सहन होईना. १६८१ साली नेहम टेट नावाच्या कवीनं नाटक दुरुस्त केलं. मुलगी जगते, तिचं लग्न होतं, म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं. इंग्लंडच्या रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं हाच प्रकार चालला. शेक्सपिअरचं मूळ नाटक रंगभूमीवर परत यायला १८३८ साल उजाडलं. डॉक्टर जॉन्सनसारख्या खमक्या विद्वानानं लिहून ठेवलंय की त्या मुलीच्या मरणाचा धक्का त्याला इतका बसला होता, की संपादनाच्या निमित्तानं पुन्हा वाचावं लागेपर्यंत त्यानं ती शेवटची पानं उघडलीच नसावीत. म्हणजे रडणारा तुमचा पिल्लू एकटा नाही, चांगल्या संगतीत आहे.

पण उलटही घडतं. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला. त्यात सिंधू जाते, सुधाकरही जातो, वाचवायला ऐनवेळी कुणीही येत नाही. तरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते नाटक डोक्यावर घेतलं. मग माणसांना दुःखी शेवट नको असतो असं तरी कसं म्हणायचं? फरक मला एवढाच दिसतो, की तिथला प्रेक्षक तिकीट काढून, रुमाल घेऊन, रडायच्या तयारीनं गेलेला असतो आणि पडदा पडला की उजेडात चारचौघांत बाहेर येतो. तुमच्या नातवानं तिकीट काढलं नव्हतं. तो चिऊ-काऊ ऐकायला पांघरुणात शिरला होता.

आता भज्यांकडे येते. त्यानं भजी का नाकारली? मुलांना भजी आवडत नाहीत म्हणून नक्कीच नव्हे.

गोष्ट पुन्हा नीट ऐका, काकू, तुमच्याच आवाजात. बाहेर मुसळधार पाऊस. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." "चिऊताई, चिऊताई, दार उघड." "थांब, माझ्या बाळाला अंगडं घालते." मग काजळ, मग तीट, मग भरवणं, मग थोपटणं. आपण हे सांगतो तेव्हा करत काय असतो? बहुतेक वेळा अगदी तेच! मुलाला पुसत असतो, भरवत असतो, थोपटत असतो. गोष्टीतलं ते आतलं बाळ म्हणजे ऐकणारं मूल. म्हणून तर या गोष्टीत एवढी ऊब आहे. बाहेर कुणीतरी भिजतंय आणि मी आत आहे, कोरडा, आजीच्या कुशीत. दर "थांब" ला ते मूल खुदकन हसतं, कारण ते "थांब" त्याच्यासाठी आहे.

आणि एवढ्या "थांब" नंतर दार उघडतं आणि बाहेरचा भाजून मरतो. आतल्या बाळाला काय वाटेल? माझ्या तिटेपायी तो भिजत राहिला आणि आत आल्यावर मेला. तुमचा नातू आधी हसला आणि रात्री दोनला रडला, यात मला काही विसंगत वाटत नाही. हसण्याचा हिशोब त्याला झोपेत लागला.

भजी खाऊन हा हिशोब मिटत नाही. तुम्ही पाच मिनिटं कावळ्याला दारात भिजवलंत. त्याची थंडी, त्याची विनवणी, चिमणीची टाळाटाळ, हे सगळं मुलानं जमा केलंय. मग एकदम कढईतून भजी निघतात आणि जमा सगळी रद्द! कावळा रागावत नाही, चिमणी वरमत नाही, "इतका वेळ का नाही उघडलंस?" असं कुणी विचारतसुद्धा नाही. मुलं 'खोटी' म्हणतात ती याला. शेवट गोड झाला म्हणून ती तक्रार करत नाहीत, मधलं काहीतरी गिळून टाकलं म्हणून करतात. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट बघा. तिचा शेवट चांगला गोड आहे आणि एकाही मुलानं तिला कधी खोटी म्हटलेलं मी ऐकलं नाही. कारण म्हातारी वाघाला शब्द देते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन जाडजूड होते, परत त्याच वाटेनं येते आणि डोकं चालवून सुटते. एकेक पैचा हिशोब लागलेला असतो. (ती वाघाला चक्क थाप मारते, पण त्याबद्दल कुणाही सूनबाईंची तक्रार अजून माझ्याकडे आलेली नाही.)

आता त्याचा तो प्रश्न. "कावळ्यानं काय केलं होतं?" पत्रात तुम्ही तो ओझरता लिहिलाय. मला तो साऱ्या पत्राचा गाभा वाटतो.

झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या न्यायबुद्धीवर एक पुस्तक लिहिलं, १९३२ साली. त्यात तो मुलांना एक छोटी गोष्ट सांगतो. दोन मुलं सफरचंदं चोरतात, एक पकडला जातो, दुसरा पळतो आणि कुजक्या पुलावरून जाताना पूल मोडून पाण्यात पडतो. मग तो विचारतो, यानं सफरचंदं चोरली नसती आणि तरी त्याच पुलावरून गेला असता, तर पडला असता का? मोठी मुलं म्हणतात, पडला असता, पूल कुजका होता. सहा-सात वर्षांची बरीचशी मुलं म्हणतात, नसता पडला. त्यांच्या लेखी पुलालाही चोरी कळते. वाईट झालं म्हणजे कुणीतरी काहीतरी वाईट केलेलं असणार, अशी त्या वयाची धारणा असते.

हे डोक्यात ठेवून कावळ्याकडे बघा. तो मेला, म्हणजे त्यानं काहीतरी केलं असणार. पण काय? चोरी केली नाही, कुणाला टोचलं नाही, शेणाचं घर बांधलं एवढंच. तुमचा नातू रात्री दोन वाजता कारण शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं.

आणि आता चौथं पान.

काकू, तुमच्या घरात सात महिने दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या जात आहेत. एक, आजोबा गावाला गेलेत. दुसरी, रोज सकाळी गॅलरीत आजोबांचा घास कावळ्याला. तुम्ही, मुलगा, सून, तिघंही पहिली गोष्ट तोंडानं सांगता. दुसरी कुणी सांगत नाही, फक्त रोज करता. आणि पोळीचा तुकडा ठेवणारा हात त्याचा आहे. दहाव्याला कावळा शिवायची वाट बघतात, पितृपक्षात कावळ्याला पान ठेवतात, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला ते कुणी समजावून सांगितलं नसेल, पण मोठ्यांच्या अर्धवट बोलण्यातून मुलं किती गोळा करतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं! त्याच्या लेखी कावळा हा नुसता गोष्टीतला कावळा राहिला आहे का? आजोबांचा घास खाणारा कावळा पावसात भिजला, दार ठोठावत राहिला, आजीनंच सांगितलेल्या गोष्टीत तव्यावर बसला आणि मेला.

माझा हा अंदाज आहे. चुकीचाही असेल. पोरगं कदाचित नुसतंच तव्याला घाबरलं असेल. पण "तो फारसं विचारत नाही" असं तुम्ही लिहिता, आणि मला वाटतं तो विचारतोय. कावळ्याच्या नावानं विचारतोय.

तेव्हा काकू, चिऊ-काऊचा शेवट चार दिवस बाजूला ठेवा. आधी 'गावाला गेलेत' या गोष्टीचा शेवट करायला हवा, कारण ती सात महिने तशीच लोंबकळत आहे. गावाला गेलेला माणूस फोन करतो, येताना काहीतरी आणतो, निदान गणपतीला येतो. आजोबा यातलं काहीच करत नाहीत. मग मूल काय समजेल? त्यांना यायचं नाही? माझ्यावर रागावले? तुम्ही सगळ्यांनी त्याला दुःख होऊ नये म्हणूनच असं सांगितलं, हे मला दिसतं. तुम्हालाही ते शब्द उच्चारणं सोपं नसणार. सात महिने म्हणजे काहीच नाही.

पहिलं काम मुलगा आणि सुनेशी बोलण्याचं, पिल्लू शाळेत असताना. तुम्ही एकटीनं त्याला सांगू नका. उद्या सून म्हणेल "मला न विचारता", आणि तो वाद कावळ्याच्या वादापेक्षा मोठा होईल. कुणी सांगायचं ते तिघांनी मिळून ठरवा. माझं मत विचाराल तर त्याच्या बाबानं सांगावं आणि तुम्ही शेजारी बसावं. वेळ सकाळची, सुट्टीच्या दिवसाची. झोपताना नको.

शब्द साधे ठेवा. "आजोबा मेले" हा शब्द आपल्याला कठोर वाटतो, 'वारले' म्हटलंत तर वारले म्हणजे काय तेही सांगा: शरीर बंद पडलं, आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत. 'झोपले' म्हणू नका. ज्या मुलाला आजोबा झोपले आणि उठलेच नाहीत असं सांगितलं जातं, त्याला रात्री डोळे मिटायची भीती वाटली तर नवल नाही. 'देवाला आवडले म्हणून नेलं' हेही मी टाळेन, कारण मग देव आवडीनं आणखी कुणाला नेईल याची धास्ती लागते. तुमच्या घरी देवधर्म आहे, तर 'आजोबा देवाकडे आहेत' जरूर म्हणा, पण 'वारले' याच्या जागी नको, त्याच्यानंतर म्हणा. आजारी होते तर आजाराचं नाव सांगा, आणि हेही सांगा की सर्दी-ताप होणारी माणसं बरी होतात. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात आई शिंकली तरी घरात रडारड.

आणि एक वाक्य त्यानं विचारलं नाही तरी म्हणा: "कुणी काही केलं म्हणून आजोबा गेले नाहीत. तूही काही केलं नव्हतंस." पुलाची गोष्ट मी एवढी लांबण लावून सांगितली ती या वाक्यासाठी. या वयात मुलांना वाटू शकतं की आपण एकदा आजोबांचा चष्मा लपवला, आपण "जा, बोलणार नाही" म्हटलं, म्हणून हे झालं. ते बोलून दाखवत नाहीत.

तो रडेल किंवा रडणारही नाही. दोन मिनिटांनी "मी सायकल खेळू?" म्हणेल. त्याचा अर्थ त्याला कळलं नाही असा काढू नका. मुलं दुःखाचे लहान लहान घास घेतात. पुन्हा पुन्हा तेच विचारेल, कधी भलत्या वेळी, पाहुण्यांसमोर. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, मात्र "आजीला आजोबांची आठवण येतेय" एवढं त्याला सांगा. काही आठवडे उलटूनही रात्री दचकून उठणं, जेवण तुटणं, अंथरूण ओलं होणं, शाळेत गप्प राहणं असं चालू राहिलं तर मात्र गोष्टींवर विसंबू नका. त्याच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पुढे कुणाकडे जायचं ते सांगतील.

हे झाल्यावर कावळ्याकडे परत या. मी तुमच्या जागी असते तर तव्याची गोष्ट दुरुस्त करण्याऐवजी सरळ कबूल केलं असतं: "मी सांगितलेला शेवट तुला आवडला नाही ना? मलाही आता आवडत नाही. कावळ्यानं काहीच केलं नव्हतं." मग त्यालाच विचारा, चिमणीनं दार उघडल्यावर कावळा काय म्हणाला असेल? गप्प बसा आणि वाट बघा. त्याचा शेवट कसाही असो, कावळा चिमणीला टोचो, दोघं भांडोत, बाळ उठून दार उघडो, तुम्ही तो सुधारू नका. निदान चिमणी "चुकलंच माझं, आधी दार उघडायला हवं होतं" एवढं म्हणाली, तर मग भज्यांनाही माझी हरकत नाही.

श्रावण जवळ आलाय म्हणून एक सावधगिरी. तुम्ही कहाण्या वाचत असालच. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागाची पिल्लं मरतात, नागीण घरच्या सगळ्यांना डसते, आणि शेवटी परगावच्या लेकीला तीच अमृत देते आणि मेलेली माणसं उठून बसतात. सुंदर कहाणी आहे, पण यंदा ती ऐकून तुमचा नातू विचारणारच, "आजोबांना अमृत का नाही दिलं?" यंदा ती वगळा, नाहीतर उत्तर तयार ठेवा: "ते गोष्टीतलं अमृत आहे. खरं असतं तर मीच सगळ्यांच्या आधी धावले असते."

कहाण्यांमधली एक गोष्ट मात्र उचला. मधे काहीही होवो, त्या एकाच वाक्यानं मिटतात, "ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." लहानपणी मला त्यातलं साठा काय नि पाचा काय, काहीच कळायचं नाही, पण ते आलं की पाटावरून उठायचं हे पक्कं कळायचं. रात्रीच्या गोष्टीलाही असं एक ठरलेलं वाक्य द्या, रोज तेच. त्यानंतर दोन-तीन मिनिटं तिथेच बसा, दिवा लगेच घालवू नका. शेवट कसाही असला तरी त्यानंतर आजी लगेच उठून जात नाही, हे त्याला रोज दिसू द्या.

याच पेचात असलेल्या इतर आजी-आजोबांनी आणि आईबाबांनी एक करावं. नवं पुस्तक मुलासमोर उघडण्याआधी शेवटची दोन पानं स्वतः वाचावीत. ती गाळण्यासाठी नव्हे, वाचताना आपला आवाज कुठे अडखळेल ते आधी कळावं म्हणून. रडवणाऱ्या गोष्टी दुपारी वाचाव्यात, म्हणजे मागे खेळायला उजेड उरतो. 'श्यामची आई' हे तर मुळात बेचाळीस रात्रींचं पुस्तक, त्यातली आई शेवटाकडे जाते, आणि तरी मराठी घरांनी ते मुलांच्याच हाती दिलं. योग्यच केलं. पण तिथे आई जाण्याआधी तिच्या कितीतरी रात्री येतात, तिचं रागावणं, तिचं शिकवणं, तिचं जवळ घेणं. पाचव्या वर्षी एकदम शेवटचं प्रकरण वाचायला घेऊ नये, आठ-नऊच्या पुढे सुरुवातीपासून वाचावं, आणि वाचताना आपण शेजारी असावं.

काकू, हे पत्र सूनबाईंना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी त्यांच्या बाजूनंही थोडंफार लिहिलंय, तेव्हा दाखवायला हरकत नसावी. त्यांना "तुझंही बरोबर होतं" असं म्हणायची वेळ आली तर ते भाजी निवडताना म्हणा, चेहऱ्याकडे न बघता. सोपं जातं.

गॅलरीतला घास बंद करू नका. तो त्यालाच ठेवू द्या. फक्त आता तो का ठेवायचा हे त्याला माहीत असेल. आणि पाऊस जोराचा असला तर तुकडा कठड्यावर नको, आत कुंडीच्या आडोशाला ठेवा. कावळा तिथेही येतो. आमच्याकडे येतो.

तुमची,
सदरलेखिका